ज्याचं तोंड त्याचं बोट

फोटो काढून झाले की कमलक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या त्यांच्या स्टुडिओची ती भिंत पोपडे आलेली. बघण्यासारखं तिच्यावर काहीच नव्हतं. मी सगळे फोटो पडद्यावर ओळीनं लावायचे. ज्याचे काढले तो माणूस ते बघायचा आणि हवा त्या फोटोवर बोट ठेवायचा. बोट ठेवलं असं मी सांगेपर्यंत कमलक्का वळायच्या नाहीत. नवी माणसं गोंधळायची. बाईंचं काही बिनसलं की काय, असं मला खुणेनं विचारायची.

मीही पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मी समोर उभी राहिले की ते माझं तोंड बघतात. मला काय आवडलं ते शोधत बसतात. ज्याचं तोंड त्याचं बोट. आपण मधे पडायचं नाही, सरी?" सरी म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक?'.

मी निपाणीची. या नोकरीआधी इंदिरानगरातल्या एका जाहिरात कंपनीत फोटो सफाईचं काम करायचे. डाग पुसायचे, दंड बारीक करायचे, सावळ्या मुली उजळ करायच्या, आणि हे सगळं मला फार छान जमतं असा माझा समज होता. कमलक्कांकडे नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी एका आजीबाईंचा फोटो पुढ्यात ठेवला आणि "कर साफ" एवढंच म्हणाल्या. मी उत्साहानं सुरकुत्यांना हात घातला. कपाळ गुळगुळीत होतंय न होतंय तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"अय्यो, म्हातारीला मारलीस की गं! धूळ पूस, माणूस पुसू नको."

तरीही नोकरी मिळाली, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'निपाणी' पडलं. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. "आमचे लोक घोड्यावर बसून आले. घोडे गेले, आम्ही राहिलो," असं त्या सांगायच्या. माझ्या मराठीला त्या पुस्तकातली म्हणायच्या, मी त्यांच्या मराठीला खिचडी म्हणायचे. सुती साडी, पायात पळायचे बूट आणि गळ्यात कॅमेरा अशा वेशात त्या लग्नमांडवातही जायच्या. नवरी उगाच दात दाखवायला लागली की म्हणायच्या, "स्वल्प जपून हस. नवरा यायचाय अजून, गाल दुखतील." लोक त्यांना फटकळ म्हणत. त्या फटकळ होत्याच. पण त्यांच्यासमोर बसलेलं माणूस थोड्या वेळानं पोट आत ओढायचं सोडून देई, हे मी रोज पाहत होते.

अशात एका क्रीडा संघटनेचं मोठं काम आलं. राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंचे मोठे फलक स्टेडियमबाहेर लावायचे होते. संघटनेच्या सचिवांना हातात तिरंगा, चेहऱ्यावर स्मित असे फोटो हवे होते. कमलक्कांनी अट घातली की फोटो सराव चालू असताना काढणार आणि कुठला लावायचा ते खेळाडू ठरवणार. सचिव घाईत होते, फोनवर 'हो हो' म्हणाले. पुढे त्यांना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

आम्ही मैदानातच राखाडी पडदा लावला. धावपटू शर्यत संपवून धापा टाकत थेट पडद्यासमोर यायचा. लांब उडीवाला तोंडातली वाळूही न थुंकता उभा राहायचा. आणि आनेकलची मंजुळा. ती हातोडाफेक करायची. पोलादी गोळा तारेला धरून गरागरा फिरायचं आणि सोडून द्यायचा, असा तो खेळ. तिचे वडील कारखान्यात कामाला, आणि मुलीच्या खांद्यांवरून नातेवाइकांची बोलणी ऐकून आधीच बेजार. कमलक्का जाळीच्या या बाजूला उभ्या राहिल्या. मंजुळानं हातोडा सोडला आणि तिच्या पोटातून अशी आरोळी निघाली की माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली. कमलक्कांनी तो क्षण टिपला. तोंड उघडं, मानेच्या शिरा तटतटलेल्या, हनुवटीखाली वळ्या, डोळे बारीक झालेले.

थोड्या वेळानं मी लॅपटॉपवर तिचे फोटो लावले. कमलक्का पाठ करून उभ्या राहिल्या; मैदानात भिंत नव्हती म्हणून झाडाकडे तोंड केलं. एका फोटोत मंजुळा फार गोड दिसत होती. मिटलेले ओठ, केसांवर ऊन. मी नियम मोडून हळूच म्हटलं, "हा घे गं. छान आलीयस."

ती कन्नडमध्ये बोलायची. म्हणाली, "ही छान आहे. पण ही मी घरी असते तेव्हाची. हातोडा टाकणारी ही." आणि आरोळीच्या फोटोवर बोट ठेवलं. ठेवलं म्हणजे टेकवलं नाही, चांगलं दाबलं.

फलक लागले त्या दिवशी दुपारपर्यंत काही नव्हतं. संध्याकाळी कुणीतरी मंजुळाच्या फलकाचा फोटो काढून फोनवरून पसरवला आणि सगळं गाव पेटलं. राज्याच्या मुलींची ही विटंबना आहे. बाईच बाईची वैरीण. फोटो काढता येत नसेल तर इडल्या करा म्हणावं. एकीकडे अपमान झाला म्हणून गळे काढायचे आणि दुसरीकडे तोच फोटो मोटारीच्या भोंग्याला, दुखऱ्या दाढेला जोडून हसायचं, असा दुहेरी कारभार होता. माझं डोकं लवकर तापतं. मी एकेकाला उत्तरं लिहीत सुटले. कमलक्कांनी माझा फोन काढून घेतला आणि मसाल्याच्या डब्यामागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर माणसं जमली. घोषणा नव्हत्या, दगड नव्हते. नुसतीच उभी होती, आणि तेच वाईट होतं. लग्नाच्या दोन पार्ट्यांनी फोन करून दुसरा फोटोग्राफर बघतो म्हणून सांगितलं. स्टेडियमबाहेर कुणीतरी मंजुळाच्या फलकावर शाई फेकली. घरमालक मागच्या दारानं आला आणि म्हणाला, "कमलक्का, एकदा माफी मागून टाका ना. काय जातं?"

तो गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, साधी गोष्ट आहे. हे फोटो खेळाडूंनी स्वतः निवडले, एवढंच सांगायचं. मी साक्षीला आहे. आत्ताच्या आत्ता तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"बेडा," त्या म्हणाल्या. नको.

"का नको?"

"आज शिव्या कुणाला? मला. मला सवय आहे, माझी पाठ रुंद. तू सांगितलंस की उद्या त्याच शिव्या त्या पोरांना. हिलाच असं दिसायचं होतं म्हणतील. तोंडावर आलीय स्पर्धा, निपाणी. त्यांनी हातोडा फेकायचा की हे झेलायचं?"

मला पटलं नाही. पटलं नाही हे मी त्यांना सांगितलंही, बरंच मोठ्यानं.

त्याच रात्री कमलक्कांच्या घरी जेवताना टीव्हीवर मंजुळा दिसली. घराच्या ओसरीवर उभी, शेजारी वडील. वार्ताहरानं विचारलं, हा फोटो लावायच्या आधी तुम्हाला दाखवला होता का? मंजुळानं वडिलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "नाही. आम्हाला कुणी विचारलं नाही."

मी ताटावरून उठले. त्या मुलीला मी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कमलक्कांचा दहीभाताचा हात तसाच थांबला होता. त्या टीव्हीच्या जवळ जाऊन बसल्या आणि नेहमी फोटो बघतात तसं डोळे बारीक करून बघू लागल्या.

"मान बघ तिची," त्या म्हणाल्या. "फेकताना कशी होती? आणि आता बघ. पोरगी घाबरलीय गं."

"घाबरली म्हणून तुमच्या नावावर चिखल टाकायचा?"

"बस, जेव. भात वाळतोय." त्यांनी स्वतः मात्र ताट बाजूला सारलं. त्यांना लागलं होतं. कितीही पाठ रुंद म्हणाल्या तरी लागलं होतं.

संघटनेनं पत्रकारांना बोलावलं. सचिवांनी पुढच्या रांगेत खेळाडू बसवले होते, सगळे एकसारख्या निळ्या गणवेशात. मंजुळा कडेच्या खुर्चीवर होती. मी कमलक्कांच्या मागे उभी होते आणि मनाशी ठरवून आले होते की आज गप्प राहायचं नाही. वाटेत रिक्षात त्यांना तसं सांगितलंही होतं.

सुरुवातीचे प्रश्न नुसते खोचक होते. मग एक तरुण वार्ताहर बाई उभी राहिली. तिचा सूर साधा होता. तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या स्टुडिओत माणूस स्वतःचा फोटो स्वतः निवडतो, असं तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडून ऐकलं. या खेळाडूंनीही स्वतःच निवडले होते का?"

कुणीतरी दारच उघडून दिलं होतं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. मंजुळानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. वडील मागच्या रांगेत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कमलक्कांनी मागे न बघता माझ्या हातावर हात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी निवडले. सगळे मीच."

एकच गलका झाला. सचिवांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच सफाई केलेले फोटो पुन्हा लावू असं जाहीर करून टाकलं. कमलक्का म्हणाल्या, "फलक उतरवा. माफी पाहिजे तर तीही घ्या. पण त्यांची तोंडं मी पुसणार नाही. हसरे पाहिजेत तर दुसऱ्याकडून काढून घ्या." आणि उठल्या. पुढच्या रांगेसमोरून जाताना त्या मंजुळाजवळ किंचित थांबल्या. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी तिच्या खांद्यावरचं एक सूत उचललं, झटकलं आणि पुढे गेल्या.

रिक्षात मी रडत होते, रागानं. म्हटलं, "जन्मभर एक सुरकुती पुसू दिली नाहीत, आणि आज भरसभेत खोटं बोललात."

"तोंडानं बोलले," त्या म्हणाल्या. "तोंडातलं खोटं चार दिवसांत विरतं. फोटोतलं भिंतीवर राहतं."

पण विरलं नाही. लोक घटना विसरले, नाव विसरले नाहीत. मोठी कामं गेली, लग्नं गेली. पुढे पुढे पासपोर्टचे आणि शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो तेवढे राहिले. तेही त्या तसेच काढायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. शाळकरी मुलं खिदळायची. "हसा की," त्या भिंतीला सांगायच्या, "पण बोट नीट ठेवा." मंजुळाबद्दल मी कधी वाकडं बोलले की विषय बदलायच्या. तिनं स्पर्धेत पदक मिळवलं त्या दिवशी मात्र शेजारपाजारी म्हैसूरपाक वाटला. कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

एकदा ती आली होती. समोरच्या फुटपाथवर, फुलवालीच्या आडोशाला उभी. कमलक्कांनी तिला माझ्याआधी पाहिलं. "निपाणी, चहा ठेव. तीन कप," म्हणाल्या आणि केस सारखे केले. चहा उकळेपर्यंत फुटपाथ रिकामा झाला होता. मी दारात जाऊन दोन्ही बाजूंना पाहिलं. कमलक्का म्हणाल्या, "येईल. लाजतीय." तिसरा कप त्यांनी झाकून ठेवला, संध्याकाळपर्यंत.

गेल्या हिवाळ्यात कमलक्का गेल्या. सकाळी कॅमेऱ्याची काच पुसत असताना छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस झाल्यावर मी स्टुडिओ आवरत होते. दारात कुणीतरी उभं राहिलं. ते खांदे मी ओळखले.

मी म्हटलं नाही की ये. मनात सगळं तस्संच होतं. मंजुळा आपणच आत आली, कॅमेऱ्याच्या रिकाम्या तिकाटण्याला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, मला माझा फोटो पाहिजे. फलकाएवढा मोठा."

"कशाला? कुठे लावणार?"

"घरावर. रस्त्याच्या बाजूला. बस थांबते तिथून दिसेल असा."

"आणि लोकांनी विचारलं तर? वडिलांनी विचारलं तर?"

"अप्पांना सांगून आले," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. लोकांनाही सांगेन. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या रोज वाट बघत असतील असं वाटायचं, म्हणूनच पाय उचलायचा नाही."

तिला कपाबद्दल सांगावं असं ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. मी कॉम्प्युटर चालू केला. त्या दिवशीचे तिचे सगळे फोटो शोधून ओळीनं पडद्यावर लावले. आरोळीचा लावला. मिटल्या ओठांचा, केसांवर ऊन असलेला, तोही लावला.

मग मी उठले आणि पोपडे आलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. इतकी वर्षं त्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही असं मी समजत होते. कमलक्कांच्या उंचीवर, त्या कपाळ टेकवायच्या तिथे, चुना गुळगुळीत झाला होता. मी तिथे हात ठेवला आणि थांबले.

मागून मंजुळा म्हणाली, "ठेवलं."

मी वळले. बोट त्याच फोटोवर होतं, आणि तेव्हासारखंच दाबून.