फ्लेक्सवरचा हार

चौकात माझ्या लेकाचा फ्लेक्स लागलाय. तो परदेशात शांतिसेनेत गेलाय, गावाला त्याचा अभिमान. आज सकाळी सरपंचानं हौसेनं त्या फोटोला झेंडूचा हार घातला. मी शिडी लावून तो उतरवला.

"आबा, मानाचा हाय हो," सरपंच म्हणाला.

"मग तो आल्यावर त्याच्या गळ्यात घाल. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नसतात."

छाती माझीही फुगते, खोटं कशाला बोलू. पण गावाला अभिमानासाठी फोटो पुरतो, बापाला आवाज लागतो. आठवडा झाला, त्याचा फोन नाही. हार देवाला वाहावा तर उतरवलेला, उकिरड्यावर टाकावा तर गावाचा मान. म्हणून तसाच मांडीवर घेऊन बसलोय. झेंडू सुकत चाललाय, आणि फोन गप्पच आहे.