वनमालाच्या घराचं गळकं पाखं

आमचं गाव दहिसर नदीच्या काठाला. बोरिवलीत इमारती कितीही उगवू देत, स्टेशनवरून परतताना आम्ही 'गावात चाललो' असंच म्हणायचो. नदीत उतरणारा दगडी घाट, घाटाच्या वर लाकडी खांबांचं मारुतीचं देऊळ आणि देवळामागे दाटीवाटीनं उभी कौलारू घरं. त्यातलं सगळ्यात जुनं वनमालाचं. सागवानी खांबाला मिठी मारली तर हात पुरत नसत, सज्ज्याच्या कठड्यावर कोरलेले मोर होते आणि मागचं पाखं, म्हणजे छपराची उतरण, नदीकडे झुकलेलं.

वनमाला माझ्या वर्गातली. आजारी वडिलांचं करता करता तिचं लग्न राहिलं, मग वडीलही गेले. जीभ मात्र सुरीसारखी. तिच्या ओटीवर बसून चहा प्यायलोय असं सांगणारा माणूस गावात शोधून सापडला नसता.

गिरण्यांचा संप झाला, गिरणी काही उघडेना, तेव्हा धोंडू आमच्याकडे आला. कणकवलीकडचा. भावंडांना मार्गी लावण्यात बिनलग्नाचाच चाळिशी उलटलेला. लहानपणी बापाबरोबर घरं शाकारलेली, तेच आता पोटासाठी कामी आलं. पावसाआधी कौलं उतरवायची, शेवाळ झाडायचं, फुटकी बदलायची, पुन्हा बसवायची. शिडी चढण्याआधी तो घराच्या खांबाला हात लावून सांगायचा, "येतंय हां वर." आम्ही हसलो की म्हणायचा, "पाठीर चढूचा तर इचारूक नको?"

पहिल्याच पावसाळ्यात त्याचं नाव झालं. देवळाच्या सभामंडपात थेंब नाही. पाटलांच्या दुमजली घरात, जिथे दरवर्षी जिन्यात बादल्या लागायच्या, तिथेही नाही. गळलं ते फक्त वनमालाचं घर.

धोंडू आला, चढला, मागच्या पाख्यावरचं सरकलेलं कौल बसवून गेला. आठवड्यात पुन्हा तेच कौल. नंतर पुन्हा तेच. नॅशनल पार्कातली माकडं आमच्या कौलांवर नाचतातच, तेव्हा सगळ्यांनी माकडांच्या नावानं खडे फोडले. इकडे वनमाला स्वतः शिडी धरून उभी राहायला लागली. धोंडू खाली उतरला की त्याच्यासमोर गरम घावण्यांची ताटली. तेव्हाच कळायला हवं होतं. पण आम्ही सगळे माना वर करून माकडं शोधत होतो. तिनं मलासुद्धा काही सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

हळूहळू गावात बोलणं सुरू झालं, धोंडूच्या हातातलं कसब गेलं म्हणून. देवळाचा कारभार बघणारा मधुकर तर देवळातच चार लोकांसमोर त्याला म्हणाला, "पुढच्या वर्षी देवळाला दुसरा माणूस बघतो, यार. रिस्क कोण घेणार?" धोंडूचं तोंड उतरलं. त्यानं देवळाच्या खांबाला हात लावून मारुतीची शपथ घेतली. "आता ता पाखा परत गळला, तर ह्या गावात कौलाक हात लावचंय नाय. सरळ गावाक जातलंय."

वनमाला तेव्हा घरी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाखं गळलं.

धोंडू शिडी न घेता आला. खांद्याला पिशवी. वनमालाकडे त्यानं पाहिलंही नाही. खांबावर तळवा ठेवून घराला म्हणाला, "माफ कर. तुझी पाठ माका काय जमली नाय."

"हे काय नवीन? कुठे निघालास?" वनमालानं विचारलं. त्याच्या मागून आलेल्या मधुकरनं शपथेचं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती आत गेली आणि बाहेर आली ती कपडे वाळत घालायची लांब काठी घेऊन. अर्धी गल्ली जमलेली.

"याचं काम चोख आहे," ती म्हणाली. "माळ्यावर चढून मी सरकवते ते कौल. या काठीनं."

मधुकर तोंड उघडं टाकून उभा होता. धोंडूनं काठी हातात घेतली, टोकाची कौलाची तांबडी माती बोटानं पुसून बघितली.

"कित्याक गे बाय?"

"मग तू परत कशाला आला असतास?"

धोंडूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सगळ्या येळी तूच?"

"पहिल्या वेळी माकड होतं," वनमाला म्हणाली. "तिथून सुचलं."

धोंडू जो हसायला लागला तो पोट धरून ओटीवरच बसला. मग मी, मग मधुकर, मग सगळी गल्ली. एकटी वनमाला हसत नव्हती. काठी परत घेऊन, पदर खोचून ती धोंडूच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत उभी होती. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

धोंडूनं डोळे पुसले. पिशवी ओटीवर ठेवली, चपला काढल्या आणि खांबाला पुन्हा हात लावला.

"येतंय हां आत," तो म्हणाला.

खांब नेहमीसारखाच गप्प राहिला. वनमाला म्हणाली, "ये."