गाडी कितव्यात आहे?

एकोणचाळिसाव्या वर्षी मी मोटारसायकल शिकले. हौस म्हणून नाही. माझी शाळा सिरसाळ्यापासून आत, एका वस्तीवर. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून पुढं चार किलोमीटर पायी, नाहीतर कुणाच्यातरी मागं बसून. मिस्टर नोकरीला परजिल्ह्यात. त्यांची जुनी गाडी शेडमध्ये धूळ खात उभी होती. वस्तीच्या रस्त्यावर एवढे दगड की लहान चाकांची स्कूटी तिथं टिकली नसती.

शिकवायला सासरे, म्हणजे आमचे मामा, तयार झाले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बाजार नसेल त्या दिवशी सकाळी आम्ही मोकळ्या बाजारतळावर जायचो. क्लच आणि ब्रेक आठवड्यात जमले. अडायचं ते गिअरपाशी. पंजानं दाबलं की पुढचा, टाचेनं दाबलं की मागचा, एवढं साधं. पण तीन-चारदा दाबून झालं की माझी मोजणी चुकायची.

"कितव्यात हाय?" मामा ओट्यावरून विचारायचे.

"तिसऱ्यात असंल."

"असंल म्हंजी? गाडी काय म्हनती ते ऐक की."

मला गाडीचं काहीच ऐकू यायचं नाही. थांबून पुन्हा निघताना ती गचके खाऊन बंद पडायची. टाचेनं मोजत मागं आणावं तर चौथ्यातच असायची.

शाळेतल्या एका सरांच्या नव्या गाडीला मीटरमध्येच गिअरचा आकडा दिसायचा. तसा आपल्या गाडीला बसवून घेऊ, असं मी घरी म्हटलं. मामांना ते लागलं.

"तीस वर्सं एसटी चालवली म्या. आकडे बघून कुनी गाडी चालवतं व्हय?"

त्या दिवशी मी दमले होते. एरवी बोलले नसते. "मामा, तुमच्या एसटीला दांडा होता. तो कुठंय ते हाताला कळायचं. इथं पायानं दाबलं की पेडल परत जागेवर येतं. मला कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी बाजारतळावर गाडी मामांनी स्वतः घेतली. ते कायम सायकलवर फिरायचे, मोटारसायकल क्वचितच चालवायचे. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्यांदा थांबून निघाले आणि गाडी बंद पडली. टाचेनं गिअर मोजत म्हणाले, "ही चौथ्यात कशी काय राहिली?" मी हसू दाबलं. त्याच आठवड्यात तेलगावच्या मेकॅनिककडून ते मीटरशेजारी छोटी डबी बसवून घेऊन आले. तिच्यात लाल आकडा उमटायचा.

मला लई धीर आला. इतका, की मी रस्त्यापेक्षा डबीकडंच जास्त बघायला लागले. उसाचे दिवस होते. पुढं उसानं भरलेली बैलगाडी चढावर हळू झाली. मी टाच दाबली आणि तिनाचे दोन झाले का, ते बघायला मान खाली घातली. वर बघते तो ऊस तोंडापाशी. वेग फार नव्हता, पण गाडीसकट आडवी झाले.

ऊस तोडणारं जोडपं होतं. बाई मोळ्यांवरून खाली उतरली, माझ्या पायावरची गाडी एकटीनं ओढली.

"खाली काय बघत व्हत्या हो?"

"गिअर."

तिला ते कळलं नसावं. तिनं माझ्या केसांतलं पाचट काढलं, हात हलवून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "मनगट सुजलंय. पानी आन."

घरी मामा स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबी काढायला निघाले. चूक आपलीच, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. मी काढू दिली नाही. आकडा बरोबरच दाखवत होता. मीच भलत्या वेळी बघितलं होतं. मनगट बरं झाल्यावर मी एकच ठरवलं. गाडी उभी असेल तेव्हा बघायचं, चालत्या गाडीवर नाही. मग चालताना दुसरं काहीतरी धरावं लागलं. इंजिनाची थरथर गुडघ्याला कळायला लागली. चढावर गाडीचा दम कोंडला की टाच आपसूक खाली जायची. हे कधी जमलं ते सांगता येत नाही.

पावसाळ्यात एकदा शाळेतले तेच सर म्हणाले, "मॅडम, गाडी न्यूट्रलला आहे आणि आकडा तीन दाखवतोय." डबीत पाणी गेलं होतं. किती दिवसांपासून, मला माहीत नव्हतं. ती दुरुस्त करायची राहून गेली.

यंदा आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीताई गाडी घ्यायला निघाल्या. आकड्याची घेऊ की बिनआकड्याची, असं त्यांनी मला विचारलं.

"आकड्याचीच घ्या."

"पण तुमचा तर बंद हाय."

"आता बंद आहे. पहिले दोन महिने नसता तर मी गाडी शेडमध्येच लावली असती."

त्यांनी तशीच घेतली. मध्ये त्या गेवराईला माहेरी एकट्या जाऊन आल्या, हायवेनं. मी अजून हायवेला गाडी घातलेली नाही.