हेडलाईट कोणी फोडला

आमच्या पिकअपचा उजवा हेडलाईट माझ्या दिरांनी फोडला. हे वाक्य सर्वांत आधी लिहिते, कारण ते उच्चारायला मला पुरता एक दिवस लागला.

घटना आमच्या अंगणातली. गुरांच्या पाण्याचे सिमेंटचे टाके कित्येक वर्षे एकाच जागी आहे. दीर मोबाईलवर बोलत गाडी आत घेत होते आणि ते टाके त्यांना दिसले नाही. काच फुटली, दिवा तारेला लोंबू लागला. मी ओसरीवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते, शेजारी माझे पती होते. आम्ही दोघांनीही पाहिले.

निवृत्त होईपर्यंत मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवले, तेही बहुतेक पुस्तकाकडे पाहून. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. मधुमेहाने पतींची नजर अधू झाली, अंधारात त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा ज्या वयात बायका गुडघ्यांविषयी बोलतात त्या वयात मी स्टिअरिंग हाती घेतले. पहाटे आमच्या बोरी अरब गावाहून दारव्ह्याच्या बाजारात भाजी घेऊन जाताना त्या केबिनमध्ये मी एकटी असे. माझे असे ठिकाण मला आयुष्यात प्रथमच मिळाले होते.

टाक्याची धडक ताजी असतानाच दीर जेवताना म्हणाले, "दादा, गाडी आता माझ्याकडंच राहू दे. वहिनीचं वय हाय काय हे?"

पती म्हणाले, "पाहू." फुटलेल्या दिव्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दारव्ह्याच्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीने वाकून पाहिले. "निस्ती काच नाही चालत जी, आख्खी असेंब्लीच बदला लागते. कोणं ठोकली?"

"आमच्या वहिनी हायेत ना पायलट," दीर म्हणाले. "टाकंच धावून आलं त्यायच्या अंगावर."

चहा पीत बसलेली माणसे हसली. मिस्त्रीही हसला. "म्याडम, स्कुटी घ्या एखांदी."

खोटे किती सहज बोलता येते! दिरांना आवाज चढवावा लागला नाही, नजर चुकवावी लागली नाही. मी पतींकडे पाहिले. ते चहाच्या कपात पाहत होते. मराठीतले सगळे शब्द ठाऊक असलेली मी तिथे मुकी उभी होते.

मिस्त्रीने बंपर सैल केला, स्क्रू काढले, फुटका डबा बाहेर ओढला, नवा बसवून तारांचा कपलर जोडला. मग गाडी भिंतीसमोर घेऊन दिवे लावले आणि मागच्या स्क्रूने उजेडाची उंची जुळवू लागला.

"अजून वर घे," दीर म्हणाले. "लांबवर दिसलं पाह्यजे."

"समोरच्याच्या डोळ्यात जाईन ना, दादा."

"समोरच्याचं समोरचा पाहीन."

पहाटेच्या रस्त्यावरची ती समोरची मीच होते. असल्याच कोणाच्या तरी दिव्यांनी आंधळी होऊन मी कितीदा गाडी कडेला घेऊन थांबले होते.

"उजेड खाली घ्या," मी म्हणाले. आवाज चिरकला, तरी थांबले नाही. "पहाटे ही गाडी मी चालवते. आणि टाक्यावर ती भाऊजींनी घातली. मी ओसरीवर होते."

"अवं वहिनी, मजाक केली ना. एवढं काय मनाले लावता?"

"मग मजाक होती असं मिस्त्रींना सांगा."

त्यांनी सांगितले नाही. उलट पतींकडे वळून म्हणाले, "पाहून राह्यले ना, दादा?"

"हो, पाहिलंच त्यांनी," मी म्हणाले. "सांगा ना. कोणी ठोकली?"

पतींनी कप खाली ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला.

"यानंच," ते म्हणाले.

मिस्त्रीने स्क्रू उलटा फिरवला. भिंतीवरचा उजेड खाली उतरला. माझा राग मात्र उतरला नाही. जे वाक्य आपणहून यायला हवे होते, ते मला सर्वांसमोर पतींच्या तोंडून ओढून काढावे लागले, याचाच संताप अधिक होता.

मी किल्लीसाठी हात पुढे केला. दिरांनी ती माझ्या तळहातावर न ठेवता बॉनेटवर टाकली आणि मागे भाजी ठेवायच्या उघड्या डाल्यात जाऊन बसले.

परतताना दिवेलागण झाली होती. पती शेजारी बसले होते. "चारचौघांत कायले बोलायचं होतं?"

"भाऊजींनी खोटं कुठे सांगितलं होतं? चारचौघांतच ना?"

तेवढ्यात समोरून एक ट्रक पूर्ण उजेड सोडून आला. पतींनी डोळ्यांवर हात धरला. "काय माणसं हायेत! यायले कोणी बोलत काहून नाही?"

मी गिअर बदलला आणि गाडी कडेकडेने पुढे काढली. पहाटे भाजी न्यायची होती.