मामांना आलेली नोटीस

मामा गेल्यानंतरही त्यांच्या मोबाईलवर मेसेज येत राहिले. 'आपला पुढील पाठ प्रलंबित आहे. कृपया लवकर पूर्ण करावा.' मामींना वाचता येत नव्हतं. फोन वाजला की त्या भिंतीवर थाप मारायच्या, कारण माझी पत्र्याची खोली त्यांच्या खोलीला लागूनच होती. मी सातवीतनं शाळा सोडलेला. अक्षरं लावत लावत वाचायचो. मामी विचारायच्या, "काय अपुरं ऱ्हायलं म्हणतात रे त्यांचं?"

त्या फोन चार्ज करून बुद्धमूर्तीशेजारी ठेवायच्या. बंद करा म्हणालो तर म्हणायच्या, "कुणीतरी अजून त्यांना बोलावतंय. मी कशाला बंद करू?"

मामा माझे नात्यातले कुणी नव्हते. माझं गाव नांदेडच्याही पलीकडं, तेलंगणाच्या हद्दीला. दुष्काळात आधी विहीर आटली, मग मजुरी आटली, आणि मी एकटाच इकडं निघून आलो. शहर तेव्हा चहूकडं सुटलं होतं. शेतात दगड रोवून प्लॉट पाडलेले, कापूस जिथं वेचला तिथं सोसायटीची कमान. शहराला लागून असलेल्या एका नगर परिषदेत मामा पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होते. तिचं नाव लिहीत नाही, माझं पोट अजून तिच्याच ठेकेदारावर आहे. मामांनी मला त्या ठेकेदाराकडं लावलं, खोली बघून दिली, आणि पहिला पगार होईपर्यंत स्वतःच्या ताटाशेजारी ताट मांडलं. उपकाराचं काही बोलायला गेलं की म्हणायचे, "गप. भाकर खा."

धरणाच्या तळाला गेलेलं पाणी गावभर वाटायचं म्हणजे व्हॉल्वमनचे हाल. ज्या गल्लीत पाणी येतं तिथं चहा, ज्या गल्लीत येत नाही तिथं शिव्या. मामा दोन्ही सारख्याच तोंडानं घ्यायचे.

त्याच दिवसांत वरून आदेश आला की कायम कर्मचाऱ्यांनी ई-प्रशिक्षण घ्यायचं. मोबाईलवर धडे, धड्याखाली प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. सगळे त्याला ई-शाळा म्हणायचे. मी ठेक्यावरचा, मला ती शाळाही नव्हती. पण बाहेर काम करणाऱ्यांतल्या कुणालाच ती जमणारी नव्हती. सकाळी फोन हातात धरायला वेळ कुणाला? मग एक रीतच पडली. ऑफिसात संगणकावर बसणारा एक ऑपरेटर होता, पंचविशीतला, मनानं चांगला. तो सगळ्यांच्या नावानं धडे उघडायचा, उत्तरं भरायचा. फोनवर ओटीपी आला की माणसं टाकीवरून, रस्त्यावरून त्याला आकडे सांगायची. त्याबदल्यात टपरीवर चहा.

एकदा मी मामांबरोबर होतो. त्यांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून आकडे सांगितले. पलीकडून आवाज आला, "मामा, पास झालात!"

"कशात रं?"

"नागरिकांशी सौजन्यानं वागण्यात."

"आयला. म्हंजे आता शिव्या द्यायच्या नाय व्हय?"

असं म्हणून ते हसले, आणि ते हसू मला अजून ऐकू येतं. रिकाम्या पाइपात बोलल्यासारखं, लांबून.

त्या उन्हाळ्यात नव्या वसाहतीला टँकर पुरेनात. एक जुनी, बंद पडलेली लाईन चालू करायची ठरलं. तिच्या व्हॉल्वचं चेंबर कित्येक वर्षं कुणी उघडलेलं नव्हतं. वरून रस्ता रुंद झालेला, बाजूनं नव्या घरांचं सांडपाणी झिरपून आत विषारी वायू साचलेला. मी त्या दिवशी टँकरवर होतो. निरोप मिळून पोचलो तेव्हा मामांना वर काढलेलं होतं. बघणारे सांगत होते, झाकण सरकवलं आणि लगेच उतरले. बाया हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यांना ताटकळत ठेवू नका म्हणाले. आत गेल्यावर त्यांनी एक हाकही मारली नाही.

तेव्हापासून रस्त्यात कुठंही लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज आला की माझी मान आपोआप वळते.

चौकशी झाली. पेन्शन सुरू झाली, त्याबद्दल मामींची तक्रार नव्हती. पण अहवालात एक वाक्य होतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं आणि नसतं दाखवलं तर बरं असं वाटलं. 'सदर कर्मचाऱ्याने चेंबर सुरक्षिततेचे ऑनलाईन प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलेले असूनही स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला.'

"निष्काळजी?" मामी म्हणाल्या. "गॅसचा कॉक बंद हाय का बघितल्याबिगर दार न ओढणारं माणूस. पोरा, मला दुसरं काय नगं. तेवढा शबूद काढायला लाव."

धडे कोण करायचं हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं, पण लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. ऑपरेटरला टपरीवर गाठलं तर त्याचा चेहरा उतरला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "भाऊ, साहेब म्हणाले शंभर टक्के दाखवा, मी दाखवलं. आता तोंडानं बोललो तर मी गेलो. तुम्ही माहितीच्या अधिकारात मागा. कोणता धडा कधी उघडला, कोणत्या मशीनवर, किती वेळ, सगळं आत असतं. मागितलं की द्यावंच लागतं. मग माझा इलाज नाही."

इथं अर्ज लिहून घ्यायची माझी छाती झाली नाही. जवळच्या तालुक्याच्या गावी, फुलंब्रीला गेलो, तिथं तहसीलबाहेर एक टायपिंगवाले बसतात. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "अर्जदार म्हणून नाव कुणाचं?"

मामींना ऑफिसच्या खेपा नकोत म्हणून मी म्हणालो, "माझं."

"तू कोण त्यांचा?"

"कुणी नाही."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि टाईप केलं. कोर्ट फी स्टॅम्प लावला. अर्ज नगर परिषदेच्या आवक खिडकीत देऊन आलो आणि पुढचे दिवस मुकादमानं नुसती हाक मारली तरी वाटायचं, कामावरून काढणार. आज काढतो, उद्या काढतो. खोली सोडून कुठं जायचं, याचाही विचार करून ठेवला होता.

उत्तर आलं नाही. आधी नोटीस आली, आणि ती माझ्या नावची नव्हती. पोस्टमन नवा होता. त्यानं दारात उभं राहून मामांचं नाव घेतलं. मामी भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर आल्या. कितीतरी दिवसांनी कुणी दारातून ते नाव हाक मारल्यासारखं घेतलं होतं.

मी वाचलं. एका अर्जदारानं आपल्या ई-प्रशिक्षणाची माहिती मागितली आहे, ती देण्यास आपली हरकत आहे काय, दहा दिवसांत लेखी कळवावे. खाली मामांचं नाव, हुद्दा. ई-शाळेच्या प्रणालीत मामा अजून कामावर होते. मामींनी स्वतः अर्ज केला असता तर हे घडलंच नसतं. मी परका निघालो, म्हणून कायद्यानं मामांना विचारलं.

"त्यांनाच इचारलंय?" मामी म्हणाल्या.

"व्हय."

त्या उंबऱ्यावर बसल्या. आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इचारलंय तर जबाब द्यावा लागंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "नोटीस ज्याला आहे त्यानंच लिहून द्यायला हवं."

"त्ये नायत," मामी म्हणाल्या.

"मग ते आल्यावर या."

त्यानं मान वरही केली नव्हती. मृत्यूचा दाखला पिशवीत होता, पण तो बाहेर काढायच्या आत त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. थोड्या दिवसांनी मला उत्तर आलं की त्रयस्थ पक्षानं संमती न दिल्यानं माहिती नाकारण्यात येत आहे. मी पुन्हा फुलंब्री गाठली आणि अपील टाकलं.

सुनावणीला अधिकारी नवे होते, बदलून आलेले. शिपायानं दारात येऊन आधी माझं नाव पुकारलं, मग मामांचं. व्हरांड्यात हजेरीला आलेले व्हॉल्वमन, सफाईवाले होते. त्यातल्या एकानं मागं वळून जिन्याकडं बघितलं.

"हाय," मामी म्हणाल्या, आणि पदर सावरून आत गेल्या.

अधिकाऱ्यांनी कागदावरून डोळे काढले. "तुम्ही कोण?"

"त्यांची बायको."

"ते स्वतः का आले नाहीत?"

"तुमच्या चेंबरात उतरले हुते, सायब. वर आले तवा बोलत नव्हते."

साहेबांनी शेजारच्या माहिती अधिकाऱ्याकडं बघितलं. तो फाईलची दोरी सोडत बसला, सुटेना. मग साहेबांनी कागदावर होतं तेच विचारलं, पण फार हळू. "माहिती द्यायला हरकत आहे का त्यांची?"

मामींनी डोळे मिटले नव्हते, पण बघत कुठं होत्या ते कळत नव्हतं.

"नाय," त्या म्हणाल्या. "द्या म्हणत्यात."

माहिती मिळाली. त्यात आम्हाला ठाऊक नव्हतं असं काही नव्हतं. सगळ्या बाहेरच्या कामगारांचा चेंबरचा धडा ऑफिसच्या एकाच संगणकावर, एका सकाळी, ओळीनं उघडून लगेच मिटलेला. त्या सकाळी मामा व्हॉल्व फिरवत गावभर हिंडत होते. तो कागद लावून मामींनी अर्ज दिला आणि पावसाळा कोरडा सरता सरता अहवाल दुरुस्त झाला. 'प्रशिक्षण प्रत्यक्षात दिल्याचे आढळून येत नाही.' निष्काळजीपणा हा शब्द गेला. मी ते वाक्य वाचलं, मामींनी परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "त्यो धडा मला दावायला सांग."

साहेबांनी ऐकलं. बाहेरच्या सगळ्या कामगारांना सभागृहात बसवून तो धडा दाखवायचं ठरलं. मामी पुढच्या खुर्चीवर. मी ठेक्यावरचा, दाराशी उभा. ऑपरेटरनं लॅपटॉप जोडला.

पडद्यावर एका माणसानं झाकण काढलं आणि तो बाजूला झाला. बाईच्या आवाजात सांगितलं, लगेच उतरू नका, हवा खेळू द्या, थांबा. मग त्यानं दोरीनं एक यंत्र आत सोडलं. वर दुसरा माणूस दोर धरून उभा. तेवढ्यात संपलं. मागच्या रांगेपर्यंत चहाही पोचला नव्हता.

"एवढंच?" मामी म्हणाल्या. "सांगितलं असतं तर थांबले असते की त्ये. एवढं तर थांबलेच असते."

मग ऑपरेटरकडं वळल्या. "परत लाव बाबा."

त्यानं लॅपटॉप शेजारच्याकडं सरकवला. शेजारच्यानं बटण दाबून दिलं. माणसानं पुन्हा झाकण काढलं, पुन्हा बाजूला झाला, आणि ती बाई पुन्हा म्हणाली, थांबा. धडा संपला. तिसऱ्यांदा लावायला कुणी सांगितलं नाही, पण कुणी खुर्चीवरून उठलंही नाही.