मांद्र्याच्या ग्रामसभेतला माईक

गोव्यातल्या आमच्या मांद्र्यात माईक आणि कर्णे भाड्याने देणारा एकजण आहे. कार्यक्रम कुणाचाही असो, माईकवर टिचकी मारून तो विचारतो, "मागल्यांक आयकूं येता मू?" मागच्या रांगेतून हात वर आल्याशिवाय तो बाजूला होत नाही.

चहाच्या टेबलावर त्याचं नि माझं नेहमी वाजतं. ज्याने त्याने आपल्या मनासारखं जगावं, इथवर दोघांचं जमतं. दुसऱ्याला त्रास झाला तर सरकारने आवरावं, असं मी म्हणतो. तो म्हणतो, "मास्तर, आज कर्णो बंद करतले, उद्यां तोंड." मला राग येतो.

किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचा आवाज कमी करावा, असा ठराव मी ग्रामसभेत मांडला. तो मंजूर झाला असता, तर पार्ट्यांना कर्णे देणाऱ्या माझ्या या मित्राचाच धंदा बसला असता. गेस्टहाऊसवाले ओरडू लागले. "मास्तराचो माईक बंद कर," कुणीतरी त्याला सांगितलं. तो मशीनकडे वाकला आणि त्याने माझा आवाज वाढवला.

माझं संपल्यावर माईक घेऊन त्याने ठरावाच्या चिंधड्या केल्या. ठराव पडला.

बाहेर वायर गुंडाळताना त्याने मला विचारलं, "मागल्यांक आयकूं आयलें मू?"