बसून दाखवा

आजार माणसाला अंतर्मुख करतो, त्याला स्वतःची ओळख पटवून देतो, असं मी बऱ्याच भारदस्त पुस्तकांत वाचलं आहे. मला असे दोन आजार आहेत, म्हणजे दुप्पट ओळख पटायला हवी होती. पण त्यातल्या एकाच्या वेळी, म्हणजे फिट येते तेव्हा, मी जागेवरच नसतो. दुसऱ्याच्या वेळी असतो, पण पाय नेतील तिकडे निघालेला असतो.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी बारामतीत खोली घेऊन राहत होतो आणि इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या बाजूच्या एका गावात हायस्कूलवर इतिहास शिकवत होतो. माझ्या वयाची पोरं एमआयडीसीत मोटारसायकलवर कामाला जायची. मला डॉक्टरांनी गाडी, विहीर आणि यंत्र या तिन्हींपासून लांब राहायला सांगितलं होतं. म्हणून एसटी आणि म्हणून मास्तरकी.

पायांबद्दल डॉक्टरांचं मत वेगळं होतं. बसलं किंवा पडलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू व्हायचं. दुखणं नाही, खाज नाही, मुंग्या नाहीत. सोड्याच्या बाटलीत बुडबुडे वर यावेत तसं काहीतरी, आणि उठून चाललं तरच ते थांबायचं. संध्याकाळी जास्त. डॉक्टर म्हणाले, चाळा आहे, कॅल्शियम घ्या. त्याला एक रीतसर नाव आहे हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. नाव कळल्यावरही पाय तसेच राहिले.

त्यामुळं परतीच्या एसटीत मी उभा राहायचो. एकदा गाडी जवळजवळ रिकामी होती.

"ओ मास्तर, शिटा मोकळ्या पडल्यात की," कंडक्टर म्हणाला. "बसा."

"असू दे."

"नवस हाय का काय?"

मी तिकिटाचे पैसे पुढं केले. तेव्हापासून तो नव्या प्रवाशांना परस्पर सांगू लागला, "त्यास्नी आग्रह करू नका, नवस हाय त्यांचा." आजारी माणसाला लोक सल्ला देतात, नवसवाल्याला वाट देतात. मी तो नवस राहू दिला.

फिटला असं काही झाकण घालता आलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ती शाळेच्या व्हरांड्यात आली, प्रार्थना संपता संपता, सगळ्या शाळेसमोर. पुढचं मला लोकांकडून कळलं. शिपायानं नाकाला चप्पल लावली, कुणीतरी कांदा फोडून आणला, थोड्या वेळानं फिट थांबली. श्रेय चपलेचं की कांद्याचं यावर शिक्षकांत दोन तट पडले. मी बाकावर बसून ते ऐकत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. लाज वाटायला हवी, एवढं समजत होतं. गोळ्यांनी हिरड्या सुजल्या होत्या आणि मन कुणीतरी घोंगड्यात गुंडाळून फळीवर ठेवल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात एक म्हातारी भेटली. पूर्वी त्यांच्या घरात मोठा कळप होता, आता दोन शेळ्या उरल्या होत्या आणि त्यातली एक हरवली होती.

"गुर्जी, माझी शेळी कुठं गेलीया?"

"आजी, मला काय ठाऊक?"

"आता न्हाय म्हनत मी. पुढच्या येळंला अंगात आलं म्हंजी इचारून ठिवा."

तिचा माझ्यावर निदान विश्वास तरी होता. संस्थेच्या अध्यक्षांचा नव्हता. त्यांना सगळे आबा म्हणत. उसाचे मोठे बागायतदार, कारखान्याचे सभासद, शाळेत आले की आधी घंटा नीट टांगली आहे का ते बघायचे. माझी उमेदवारीची दोन वर्षं जूनमध्ये भरत होती आणि कायम करायचं की घरी पाठवायचं हे त्यांच्या शब्दावर होतं. घरी पाठवलं असतं तर दुसरी शाळा मिळण्यातली नव्हती. फिटची बातमी एसटीच्या आधी पोचते.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. भला माणूस, फक्त प्रत्येक गोष्टीला घाबरायचा.

"सर, माझी काही तक्रार नाही. पण आबा म्हणतात, पोरांसमोर पडणारा माणूस कायम कसा करायचा? मी मार्ग काढलाय. गॅदरिंगला सूत्रसंचालन तुम्ही करा. स्टेजवर, सगळ्या गावासमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून दाखवा. आबांची खात्री पटली की प्रश्न मिटला."

"आणि आली तर?"

"तरी मिटलाच की," ते म्हणाले.

गॅदरिंग संध्याकाळी होतं. मी गोळी वेळेवर घेतली होती, आदल्या दिवशी भरपूर झोपलो होतो. फिटच्या बाजूनं बंदोबस्त चोख होता. मुख्याध्यापकांनी आपला बंदोबस्त वेगळा केला होता. माझ्या खुर्चीमागच्या पडद्याआड शिपाई उभा होता, एका हातात कांदा, दुसऱ्या हातात स्वतःची डाव्या पायाची चप्पल. कांदा त्यानं आधीच फोडून ठेवला असावा. वास स्वागतगीतापासून येत होता.

पायांचा विचार कुणीच केला नव्हता. मीही नाही.

प्रमुख पाहुणे बारामतीहून उशिरा आले. हार, शाल, नारळ, पुन्हा हार. मग त्यांचं भाषण सुरू झालं. विषय शिस्त. ते जपानपर्यंत पोचले तेव्हा माझ्या पोटऱ्यांत बुडबुडे सुरू झाले. मी बुटात बोटं आवळली. टाच जमिनीत दाबली. मांडीला नख लावलं. पाहुणे म्हणाले, जपानी माणूस बसला की बसला. माझा उजवा गुडघा आपोआप उडाला. पहिल्या रांगेतून आबा माझ्याकडेच बघत होते. मागं पडद्यात हालचाल झाली, कांद्याचा वास जवळ आला.

आणखी थोडं बसलो असतो तर पाय असे झाडले असते की आबांनी ती फिटच धरली असती. मी उभा राहिलो. हात बाजूला, मान खाली, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

शेजारचे दोन शिक्षक माझ्याकडे बघून उभे राहिले. ते बघून मुख्याध्यापक. मग पहिली रांग, मग बायकांची बाजू, मग जाजमावरची पोरं. पाहुण्यांनी आयुष्यात शेकडो सभा केल्या होत्या. समोर मांडव उभा राहिलेला दिसताच त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं, डोळे मिटले आणि मान खाली घातली. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली.

ती संपवण्याचं काम सूत्रसंचालकाचं असतं. पण पायांना दोन मिनिटं पुरत नव्हती. मी जागच्या जागी अंगठ्यांवरून टाचांवर, टाचांवरून अंगठ्यांवर वजन टाकत होतो. लाऊडस्पीकर घुमत होता. एका बाईनं डोळ्याला पदर लावला, मग तिच्या शेजारणीनं. मला वाईट वाटत नव्हतं, हसूही येत नव्हतं. पोटऱ्या हळूहळू निवत होत्या, एवढंच. पुरेशा निवल्यावर मी माईकजवळ जाऊन म्हणालो, "बसावं."

पाहुण्यांनी त्या अज्ञात आत्म्याला सद्गती चिंतली आणि ते जपानला परत न जाता थेट आभाराकडे वळले. उरलेला कार्यक्रम नाचगाण्यांचा होता. प्रत्येक नाचाची घोषणा करायला उठावं लागत होतं, त्यावर माझं निभावलं.

शेवटी आबा स्टेजवर आले.

"मास्तर, गेलं कोन म्हनायचं?"

मी माईकची वायर गुंडाळायला घेतली.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. जवळचं असंल." मग ते मुख्याध्यापकांकडे वळले. "आमाला ह्या गावाला गप करायला माईकवर वरडावं लागतं. ह्यो मानूस त्वांड न उघडता समद्यांस्नी हुबं करतो. जाऊ दिऊ नका ह्याला."

"पण आबा, ते फिटचं…"

"कुठं आली? बसला न्हवं का तासभर? आनी हुबा ऱ्हायला तवा आपुन समदंच हुबं होतो की."

जूनमध्ये मला कायम केल्याचं कळलं. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, म्हणजे आनंद झाला असावा. पुढच्या गॅदरिंगपासून शांततेचा कार्यक्रम दरवर्षी होऊ लागला, आणि आधी उभं राहण्याचा मान माझ्याकडे आला.

कायम झालो त्याच आठवड्यात मला नववीच्या वर्गात फिट आली. शिपाई चहा आणायला गेला होता आणि शाळेत कांदा नव्हता. फिट नेहमीइतकाच वेळ राहिली आणि थांबली.